होय आणि नाही यांच्या मध्ये कोयनानगर

कोयना ही मोठी विक्षिप्त नदी आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात कृष्णेच्या शेजघरात जन्मूनही ती कृष्णेबरोबर जात नाही. कृष्णा वाई, माहुली करीत मोकळ्या मुलखात उतरते. ही मात्र सह्याद्रीचा पदर धरून डोंगराडोंगरांतून सरळ दक्षिणेची वाट चालू लागते. हेळवाकला आले की तिच्या मनात काय येते कोण जाणे! ती एकाएकी काटकोनात पूर्वेकडे वळते, पाटणवरून कऱ्हाडला येते आणि लहानपणी सोडलेल्या बहिणीला अगदी समोरासमोर भेटते. नद्या एरवी एकमेकींना बाजूने मिळतात. समोरून येऊन गळ्यात गळा घालणाऱ्या या दोघींच्या भेटीला लोकांनी प्रीतिसंगम असे नाव दिले आहे, ते उगीच नाही.

इथवर सारे निसर्गाच्या मर्जीने झाले. पुढे माणसाने या नदीला आणखी एक वळण दिले. हेळवाकच्या वर धरण बांधून त्याने तिचे पाणी अडवले, सह्याद्रीच्या पोटातून बोगदे खणले आणि पूर्वेला जाणारे बरेचसे पाणी पश्चिमेकडे कोकणात लोटले. डोंगराच्या पोटात ते पाणी शेकडो फूट खाली कोसळते, वीज देते आणि वाशिष्ठीत मिसळून चिपळूणच्या बाजूने अरबी समुद्राला मिळते. उरलेले कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे एकच नदी दोन समुद्रांना नांदायला गेलेली! 'कोयना पूर्ववाहिनी की पश्चिमवाहिनी?' असा प्रश्न भूगोलाच्या परीक्षेत कोणी घातलाच, तर 'होय' असे एका शब्दात उत्तर लिहिणाऱ्या मुलाला किती गुण द्यावेत?

हा प्रश्न मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एस. टी.त बसल्या बसल्या आमच्या प्रोफेसरांना घातला. तसे कॉलेजात आम्ही सारेच प्रोफेसर. पण पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या गृहस्थांना मात्र शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे 'प्रोफेसर' अशीच हाक मारतात. त्यांचा स्वभावच तसा आहे. चहा गोड झाला आहे का, असे कोणी विचारले तरी ते 'कशाच्या तुलनेने?' असे विचारतात.

"शून्य गुण," प्रोफेसर म्हणाले. "यात विसंगती कसली? काही पाणी पूर्वेला जातं, काही पश्चिमेला. भाग वेगळे केलेत की कोडं सुटलं. एक तर होय, नाही तर नाही. तुम्ही मराठीवाले नीट वाटणी न करता उगीच गूढ निर्माण करता."

आमची सौ. खिडकीशी बसली होती. ती मान न वळवता म्हणाली, "वाटण्या केल्यानं सगळे तंटे मिटत असते, तर कोर्टं ओस पडली असती."

तिला ठाऊक नव्हते, पण कोयनेच्या पाण्याचा तंटाही खरोखरच लवादापुढे गेला होता. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७०च्या दशकात या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घालून दिली. तेव्हा प्रोफेसर म्हणतात तशी वाटणी झालेली आहे खरी.

पण मी कोयनानगरला निघालो होतो तो नदीच्या वाटणीसाठी नव्हे. गेली कित्येक वर्षे मी एम. ए.च्या वर्गाला ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' शिकवतो. दरवर्षी एखादा चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी उठते आणि विचारते, "सर, शिव आणि शक्ती दोनही नाहीत आणि एकही नाहीत, म्हणजे नक्की काय? दोन्ही कसं खरं असेल?" मी पुस्तकातली उत्तरे देतो. मुले ती वहीत उतरून घेतात, परीक्षेत लिहितात, पासही होतात. तरी त्यांच्या डोळ्यांतले प्रश्नचिन्ह मिटत नाही. अशा प्रश्नांशी रोज घर करून राहणारी माणसे कोठे असतील, असे मनात येई, तेव्हा मला हटकून कोयनानगर आठवे. तेथील लोक पुस्तकातला विरोधाभास वाचत नाहीत. ते त्याच्या काठावर राहतात.

कऱ्हाड सोडले की मल्हारपेठ येते, मग पाटण. तेथून पुढे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. पावसाळा नुकताच सरलेला. उतारावर अजून हिरवळ होती आणि भाताची खाचरे पिवळी पडत चालली होती. या भागात वर्षाला दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यामुंबईच्या माणसाला हा आकडा कळायचा तर त्याने श्रावणात येथे दोन दिवस कपडे वाळत घालून पाहावेत!

कोयनानगर हे धरणाने वसवलेले गाव. एका ओळीत उभ्या सरकारी चाळी, मोठमोठी झाडे, टपऱ्यांवर भजी, पर्यटकांसाठी नेहरूंच्या नावाचा बगीचा. बगीच्यातून समोर धरण दिसते. १०३ मीटर उंच आणि ८०७ मीटर लांब अशी ती दगड-काँक्रीटची भिंत दोन डोंगरांच्या मध्ये शांतपणे उभी आहे. तिच्यामागे शिवसागर. तापोळा-बामणोलीपर्यंत पसरलेले हे पाणी शंभर अब्ज घनफुटांच्या घरात जाते. धरणाचे काम १९५०च्या दशकात सुरू झाले, १९६०च्या सुमारास पाणी साठू लागले आणि १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजघरातून वीज निघाली. पुढे टप्प्याटप्प्याने वाढत प्रकल्पाची शक्ती १,९६० मेगावॉटवर गेली. त्यासाठी १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये भरल्या तलावाच्या तळालाच खालून सुरुंगाने भोक पाडले. भरलेला माठ रिकामा न करता त्याला तोटी बसवण्यासारखाच हा प्रकार! महाराष्ट्राची जीवनरेखा असे या धरणाला म्हणतात. आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलात जो प्रकाश असतो, त्यातला काही वाटा या डोंगरातून आलेला असतो.

आणि याच धरणाच्या शेजारी, ११ डिसेंबर १९६७ रोजी, सोमवारी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जमीन हादरली.

ही गोष्ट माझ्या जन्माआधीची. घरातली वडील माणसे सांगत, की पुण्यामुंबईलाही लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले होते. कोयनानगरात तर घरेच्या घरे बसली. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, शेकडो जखमी झाली, हजारो उघड्यावर आली. धरणाच्या भिंतीला आडव्या भेगा पडल्या. पण ती उभी राहिली. ती कोसळली असती, तर पाटण-कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत काय झाले असते, हे आज बगीच्यात भेळ खाता खाता मनात आणवत नाही.

शास्त्रज्ञांना या धक्क्याने वेगळाच धक्का बसला. दख्खनचे पठार म्हणजे पृथ्वीवरील अतिप्राचीन, भक्कम भूभाग, येथे मोठा भूकंप होणे नाही, असे तोवर मानले जाई. देशाचा भूकंपाचा जो अधिकृत नकाशा त्या वेळी होता, त्यात शून्य क्रमांकाचाही एक पट्टा होता. शून्य म्हणजे भीती नाही. भूकंपानंतर १९७० मध्ये नवा नकाशा निघाला. त्यातून शून्याचा पट्टाच काढून टाकला आणि कोयनेला चौथ्या क्रमांकात नेऊन बसवले.

प्रोफेसरांनी हे सांगितले तेव्हा मला नागार्जुनाची आठवण झाली. त्याचे शून्यही मोठे प्रसिद्ध आहे. त्याच्या लेखी शून्य म्हणजे 'काही नाही' असे नव्हे; कोणतीच वस्तू स्वतःच्या बळावर, एकटी, इतरांवाचून उभी नाही, एवढाच त्याचा अर्थ. नकाशाचे शून्य म्हणत होते की येथे काही घडणार नाही. नागार्जुनाचे शून्य म्हणते की येथे काहीच सुटे नाही. पाणी, खडक, भिंत, माणूस, सारे एकमेकांत गुंतलेले आहे. १९६७च्या त्या पहाटे दोन शून्यांपैकी कोणते टिकले, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता मुख्य प्रश्न. भूकंप धरणाने झाला काय?

'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली,' अशी आपल्याकडे म्हण आहे. संस्कृत पंडित यालाच काकतालीय न्याय म्हणतात. धरण हा कावळा. तो बसला, पाणी भरले, आणि लहान लहान हादरे सुरू झाले. काही वर्षांत मोठी फांदी मोडली. काहीजण म्हणाले, हा निव्वळ योगायोग. फांदी मोडणारच होती. काही म्हणाले, कावळ्यानेच मोडली. जगात अन्यत्रही असे कावळे बसले होते. चीनमध्ये शिनफेंगज्यांग येथे १९६२ मध्ये, आफ्रिकेत करिबा येथे १९६३ मध्ये, ग्रीसमध्ये क्रेमास्टा येथे १९६६ मध्ये मोठ्या जलाशयांजवळ भूकंप झाले होते. सहाच्या वर तीव्रता असलेल्या या चौकडीत कोयनेचा भूकंप सर्वांत मोठा.

पुढे अनेक वर्षांच्या अभ्यासातून जे चित्र उभे राहिले, ते प्रोफेसरांनी बगीच्यातल्या बाकावर बसून आम्हाला समजावून दिले. सौ.ला त्यांनी स्वयंपाकघरातला दाखला दिला. "वहिनी, ओल्या ओट्यावर गरम आमटीची, खोलगट बुडाची वाटी ठेवलीत तर ती कधी कधी आपोआप सरकते, पाहिलंय?"

"कधी कधी काय, परवाच सरकून खाली पडली."

"बरोबर. बुडाखाली कोंडलेली हवा तापते आणि वाटीचा भार उचलून धरते. मग घर्षण राहात नाही, जराशा उतारानं वाटी निघते. जमिनीखाली खडकांना भेगा असतात. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात, म्हणून सरकत नाहीत. जलाशयाचं पाणी हळूहळू खाली झिरपतं, भेगेतला पाण्याचा दाब वाढतो आणि दोन्ही बाजूंना जरा सैल करतो. आधीच ताण असेल, तर मग खडक सरकतो."

"पण पाण्याचं वजनही असेल ना वरून? ते दाबून नाही धरणार?"

प्रोफेसर क्षणभर थांबले. "धरतं. काही ठिकाणी वजन भेगेला आवळतं आणि तेच पाणी आत शिरून तिला सैल करतं. कोणतं कधी जिंकेल, ते जागेवर आणि भेगेच्या दिशेवर अवलंबून."

"म्हणजे तेच पाणी धरतंही आणि सोडतंही," सौ. म्हणाली आणि भेळेचा कागद चुरगळून पिशवीत टाकला.

शास्त्रज्ञांची भाषाही यामुळे बदलली. पूर्वी अशा भूकंपांना जलाशयाने घडवून आणलेले म्हणत; आता जलाशयाने चेतवलेले असे म्हणणे अधिक पसंत करतात. शब्दांतला फरक लहान, पण मोलाचा आहे. ताण खडकात आधीच होता; पाण्याने त्याला चेतवले. आपल्या नैयायिकांनी कारणांचे तीन प्रकार सांगितले आहेत. घड्याला माती हे समवायी कारण, मातीच्या भागांचा संयोग हे असमवायी कारण आणि कुंभार हे निमित्त कारण. घडा कोणामुळे झाला, मातीमुळे की कुंभारामुळे, असा प्रश्नच त्यांना अपुरा वाटला असता. कोयनेचे पाणी हे निमित्त. पण निमित्ताला 'नुसते निमित्त' म्हणून सोडून देता येते काय? कुंभार नसता, तर माती मातीच राहिली असती.

इथपर्यंत प्रोफेसरांची आणि माझी गट्टी जमली. पण कोडे इथे संपत नाही. देशात हजारो मोठी धरणे आहेत. त्यांतल्या अगदी थोड्यांच्या पायथ्याशी असे घडते. कोयनेचे हादरे मात्र साठाहून अधिक वर्षे झाली तरी थांबलेले नाहीत. आजवर पाच किंवा अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के बसले, चारच्या वरचे दोनशेच्या घरात. आणि हे सारे सुमारे तीस किलोमीटर लांब, वीस किलोमीटर रुंद अशा चिमुकल्या पट्ट्यात. दक्षिणेला सांगली जिल्ह्याच्या सीमेवर वारणेचे धरण झाले, १९८५ पासून त्यात पाणी भरू लागले आणि पुढे हादऱ्यांची जागाही तिकडे सरकू लागली. खडकाला समक्ष भेटून विचारावे, म्हणून केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडला खास प्रयोगशाळा काढली आणि २०१७ मध्ये या भागात तीन किलोमीटर खोल विवर पाडून झाले. वरचा काळा कातळ एक ते सव्वा किलोमीटर जाड, त्याखाली थेट कितीतरी प्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक, हे हाती लागले. पुढचा मोठा धक्का कधी, हे मात्र तो खडक अजून सांगत नाही.

संध्याकाळी आम्ही ज्यांच्याकडे चहाला गेलो, ते धरणाच्या कामावरून निवृत्त झालेले ऐंशी पार केलेले गृहस्थ. आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याचे ते आजोबा; गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. पांढरी टोपी, अंगात स्वेटर, आवाज खणखणीत. त्यांच्या घरात शिरताच एक गोष्ट नजरेत भरली. मांडणीवर वरच्या फळीवर काही नव्हते. पितळेचे डबे, तांब्याचा हंडा, जड म्हणून जे जे असते ते सारे जमिनीवर मांडलेले. कॉट भिंतीपासून हातभर दूर. छपर पत्र्याचे.

"तवापास्नं असंच हाय," आबा म्हणाले. "वर जड ठिवायचं न्हाई. सून नवी आली तवा तिनं हंडा वर ठिवला. म्हातारीनं काय न बोलता खाली काढला. दुसऱ्या दिशी पोरीला आपसूक कळलं."

त्या पहाटे ते चोवीस वर्षांचे होते. रात्रपाळी होती, म्हणून वाचले. घरी धाकटी बहीण होती, ती वाचली नाही. हे त्यांनी एवढ्याच शब्दांत सांगितले आणि पाण्याचा तांब्या सौ.पुढे सरकवला. मग म्हणाले, "दहा-पंधरा दिसांनी परत कामावर गेलो. धरणाला भेगा पडल्या हुत्या, त्या बुजवायच्या, मागनं काँक्रीटचा टेकू द्यायचा. त्या कामावर मी हुतो."

भूकंपानंतर धरणाला मागील बाजूने काँक्रीटचे आधार देऊन बळकट केले, हे मी वाचले होते. ते काम करणारा माणूस समोर बसलेला मी प्रथमच पाहात होतो. मी विचारले, "आबा, राग नाही आला? ज्या धरणामुळं..."

"आला की. लई आला. पयल्या दिशी तर थापी फेकून दिली." आबा हसले. "मग खाली बघितलं. खाली गावं. पाटण, कऱ्हाड. भिंत गेली तर ती समदी जायाची. थापी उचलली परत."

"पण तुम्हाला काय वाटतं, धरणानंच भूकंप झाला का?" प्रोफेसरांनी मुद्द्याला हात घातला.

"सायब लोक सांगायचे, न्हाई. मागनं दुसरे सायब आले, ते म्हणले, व्हय. गावात म्हणायचे, नदीचा कोप झाला." आबांनी टोपी सारखी केली. "कोपबिप मला पटत न्हाई. नदीला कोप करायचा तर तिनं माझी बारकी बहीण कशाला धरावी? तिनं काय केलं हुतं? पर धरणाचा काय बी संबंध न्हाई, ह्ये बी पटत न्हाई."

"म्हणजे धरण हवं की नको?"

"गुरुजी, हे धरण बांधताना वरची गावं पाण्यात गेली. आमच्या सोयऱ्यांची भाताची खाचरं तळाला हायती. कोण ठाण्याकडं गेलं, कोण सोलापुराकडं. त्यांना इचारा, नको म्हणतील. मुंबईला इचारा, हवं म्हणल. सांगलीला उन्हाळ्यात इचारा आणि पावसाळ्यात इचारा, दोन येगळी उत्तरं येतील. मला इचाराल तर..." ते बराच वेळ गप्प राहिले. "माझा पगार त्यातनं आला. पोरं त्याच्यावर शिकली. आन् बहीण बी... काय उत्तर देऊ? रोज सकाळी उठून तिकडं बघतो. एवढंच."

सांगलीचे जे आबा म्हणाले, ते अगदी खरे आहे. २००५ आणि २०१९चे महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. धरण रिकामे ठेवावे तर पूर अडवायला जागा राहते. भरावे तर उन्हाळ्यात पिकांना आणि वर्षभर विजेला पाणी मिळते. किती भरायचे, हे जुलैत ठरवावे लागते आणि ऑगस्टचा पाऊस जुलैत कोणालाच माहीत नसतो. दरवाजाच्या यंत्राशी बसलेल्या अभियंत्याला 'अजून पुरावा येऊ द्या' म्हणून थांबता येत नाही. त्याने दरवाजा उघडला नाही, तरी तोही एक निर्णयच असतो. तर्कशास्त्राच्या पुस्तकात 'माहीत नाही' हे उत्तर चालते. धरणावर 'माहीत नाही' असे म्हणूनही हात चालवावा लागतो.

परतताना काळोख पडला होता. डोंगरात दिवे लुकलुकत होते. मला सांगलीकडच्या माझ्या जैन मित्रांची आठवण झाली. सांगली-कोल्हापूरच्या मुलखात जैन शेतकऱ्यांची वस्ती फार जुनी. त्यांच्या दर्शनात स्याद्वाद म्हणून एक विचार आहे. कोणतेही विधान करताना त्याच्या आधी 'स्यात्' हा शब्द लावायचा, म्हणजे 'एका दृष्टीने'. एका दृष्टीने आहे. एका दृष्टीने नाही. एका दृष्टीने आहे आणि नाहीही. एका दृष्टीने शब्दांत सांगताच येत नाही. अशा एकूण सात तऱ्हा ते सांगतात. वरवर पाहणाऱ्याला ही टोलवाटोलवी वाटते. खरे पाहता हे फार कडक शिस्तीचे बोलणे आहे. 'धरण चांगले' असे नुसते म्हणायची सोय त्यात नाही. कोणाच्या ठिकाणी उभे राहून म्हणता, ते आधी सांगावे लागते. आबा स्याद्वाद शिकलेले नाहीत. तरी बुडालेल्या गावाच्या ठिकाणी, मुंबईच्या ठिकाणी, उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यातल्या सांगलीच्या ठिकाणी एकेक करून ते उभे राहिले, आणि स्वतःच्या ठिकाणी आल्यावर थांबले. त्या थांबण्याला जैन पंडितांनी 'अवक्तव्य' असा शब्द योजला आहे.

मी हे बोलून दाखवताच प्रोफेसरांनी शंका काढली. "हे सगळं ठीक. पण एकदा का 'दोन्ही खरं' म्हणायची मुभा दिली, की उद्या भोंदूबाबाही येऊन म्हणेल, नदीचा कोपही खरा आणि तुमचं शास्त्रही खरं. मग काय कराल?"

ही शंका मोलाची आहे आणि ती साताऱ्याच्या मातीत शोभणारीही आहे. याच जिल्ह्यात वाईला प्राज्ञपाठशाळा उभी राहिली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखा, नावातच तर्क मिरवणारा पंडित तेथे घडला. तर्काला रजा देऊन या प्रांतात कोणाला फिरता येणार नाही. मला वाटते, उत्तर आबांनीच देऊन ठेवले होते. कोपाची गोष्ट त्यांनी तर्कानेच नाकारली: बहिणीचा अपराध काय? कोपाची कथा नाकारायला त्यांना एक प्रश्न पुरला, कारण ती कथा खोटी खात्री देते. ती म्हणते, कारण मला कळले आहे, आता नारळ फोडा आणि निर्धास्त झोपा. शास्त्राचे 'अजून कळले नाही' आणि आबांचे 'काय उत्तर देऊ' ही दोन्ही तशी झोप लागू देत नाहीत. तर्क जेथवर नेतो तेथवर जायचे, आणि जेथे तो थांबतो तेथे खोटी भिंत न घालता उभे राहायचे, एवढाच यातला भेद.

ज्ञानेश्वरांनीही हेच केले आहे, हे मला त्या रात्री वर्गातल्यापेक्षा स्पष्ट दिसले. 'अमृतानुभवा'त शब्दखंडन नावाचे प्रकरण आहे. शब्द अपुरा कसा, हे त्यात शब्दांनीच सिद्ध केले आहे. तेही भावनेच्या भरात नव्हे, प्रतिपक्षाचे एकेक म्हणणे पुढे घेऊन, त्याला उत्तर देत देत. पुढच्या प्रकरणात अज्ञानाचे खंडन आहे, तेही तितक्याच काटेकोर युक्तिवादाने. ज्याला तर्काच्या पलीकडे जायचे, त्याने आधी तर्काचा घाट पायी चढलेला असावा लागतो. एस. टी.त झोपून घाट ओलांडणाऱ्याला माथ्याचे अप्रूप नसते.

"तुमच्याच विषयात पाहा," मी प्रोफेसरांना म्हणालो. "प्रकाश ही लहर की कण?"

प्रोफेसर मोकळेपणाने हसले. "तिथं तुम्ही मला पकडलंत. प्रयोग जसा मांडाल तसं उत्तर येतं. नील्स बोर म्हणायचा, दोन्ही वर्णनं एकमेकांना पूरक. १९४७ मध्ये त्याला मानचिन्ह घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यानं त्यावर चिनी लोकांचं ते काळ्यापांढऱ्याचं वर्तुळ घातलं आणि खाली लिहिलं, की विरोधी गोष्टी परस्परपूरक असतात. पण लक्षात ठेवा, हे म्हणायच्या आधी त्यानं गणितं केली होती."

"मग कोयनेचा तो समोरचा दिवा?" सौ.ने डोंगरातल्या एका लुकलुकत्या ठिपक्याकडे बोट दाखवले. "तुमच्या शास्त्रानं तो लहर आहे, कण आहे, आबांच्या हिशेबात तो पगार आहे, आणि त्यांच्या बहिणीची आठवणही आहे. मला विचाराल तर यात एवढं नवल काय? पोरगा रात्री दोन वाजता घरी येतो, मोबाइल बंद. दार उघडताना आईला त्याला थोबाडावं वाटतं आणि पोटाशी धरावंसंही वाटतं. त्यातलं एक खरं आणि एक खोटं असतं होय?"

प्रोफेसर 'कशाच्या तुलनेने?' असे म्हणाले नाहीत. एवढ्या वर्षांच्या सहवासात असे प्रथमच घडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे उतरायचे ठरवले होते. निघण्यापूर्वी आबांचा निरोप घ्यायला गेलो. ते परसात होते. धरणाच्या बाजूला तोंड करून आंब्याची चार कलमे लावली होती. पावसाने सुटलेली माती ते पायाने दाबत होते. ऐंशी पार केलेला माणूस, पायाखाली साठ वर्षे हलत असलेली जमीन, आणि पाच वर्षांनी फळ धरणारी कलमे!

मुलगा पुण्याला आहे, तो तिकडे या म्हणून मागे लागला आहे, असे आबा म्हणाले. जाणार का, असे सौ.ने विचारले.

"बघू," ते म्हणाले. "डिसेंबरात जमीन जरा हलती हितं. तेवढं झालं की बघू." मग एका कलमाला काठी बांधता बांधता त्यांनी आम्हाला सांगून ठेवले, "पाच वर्सांनी मे महिन्यात या गुरुजी. आंबा धरला तर खायला, न्हाई धरला तर च्या प्यायला. पर या."

आम्ही तिघेही एकदमच 'येऊ' म्हणालो. प्रोफेसरांनी तर खिशातून डायरी काढून वर्ष आणि महिना लिहून घेतला.